उन्हाला ठेवलेली रेवती

"तवट्यांकडं पुस्तक आलंय!" पोस्टमननं दारातून आरोळी ठोकली, तशा आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातातलं सूप टाकून बाहेर धावल्या.

"पुस्तक? आमच्यात कोण वाचतंय पुस्तक?"

"द्वारका तवटे. नाव तर हेच आहे बघा."

मी परसात उभी होते. पुढच्या सोप्यापर्यंत यायची मला मुभा नव्हती, पण माझा आवाज कुणी कोंडून ठेवला नव्हता. मी तिथूनच म्हटलं, "पोथी आहे, आत्याबाई. कालिकादेवीची. व्रताला लागते म्हणून मागवली."

पुडकं बुक पोस्टानं आलेलं, दोन्ही टोकांना कागद उघडा. आत्याबाईंनी एका टोकाला डोळा लावून आत पाहिलं. अक्षरओळख त्यांना नव्हतीच.

"देवीचं चित्र कुठं दिसंना ते."

"आतल्या पानावर असेल."

"असंल," म्हणाल्या. मग परसात येऊन पुडकं माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि मागं सरल्या. मी उचलेपर्यंत तिथंच उभ्या. त्या दिवसांत माझ्याकडं सगळं असंच यायचं, भाकरीसुद्धा.

तासगावच्या पेठेत आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. लोक चेपलेली, भोक पडलेली जुनी भांडी मोडीत घालतात आणि वजनावर नवी नेतात. ती मोड टाकायची खोली आमच्या परसात होती. डोंगरावरच्या सॅनिटोरियममधून मी परत आले, तेव्हा माझं अंथरूण त्या खोलीत पडलं. एका बाजूला फुटके हंडे, एका बाजूला मी. दोघांचंही वजन करून कुणीतरी न्यायचं तेवढं बाकी होतं.

मला क्षय झाला होता आणि तो बरा झाला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण आमच्या घरानं पहिलीच धरून ठेवली. डॉक्टरांनी सहीशिक्क्याचा दाखला दिला होता. आत्याबाईंनी तो चुलीच्या उजेडात उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या, "कागदाला काय कळतंय छातीतलं?" आमचे हे शेजारीच उभे होते. दुकानात गिऱ्हाइकाला पातेलं बोटानं ठणठण वाजवून दाखवायचे, आईपुढं मात्र त्यांचा आवाज कधी वाजला नाही.

गल्लीत क्षयाचं नाव निघायला नको होतं, कारण घरात लग्नाची मुलगी होती, माझी नणंद शालन. मग सून वेगळी का राहते, वेगळं का जेवते, याला काहीतरी सांगायला हवं. आत्याबाईंनी सांगितलं, आमच्या द्वारकेनं देवीचं कडक व्रत धरलंय. कुणाला शिवत नाही, कुणाच्या हातचं खात नाही. झालं! ज्या बायका मला फटकळ म्हणून नाक मुरडायच्या, त्याच परसाच्या भिंतीवरून माना उंचावून म्हणू लागल्या, काय तेज चढलंय हो तोंडावर. तेज कसलं, सॅनिटोरियममधल्या अंड्यादुधाचं अंग होतं ते.

आणि निमी. माझी मुलगी, तेव्हा चार वर्षांची. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून माझ्याकडं बघायची. पायरीखाली उतरायचं नाही हे तिला इतकं पक्कं शिकवलं होतं, की तिचा चेंडू माझ्याकडं घरंगळत आला तर ती तो सोडून द्यायची.

आत्याबाईंनी मला एकदाच काय ते सांगितलं होतं. "शालनचं जमूंदे. जमलं की तू घरात ये, पोरगी तुझ्याजवळ देते. पर तुझ्यापायी मोडलं तर तू माहेरी, आणि पोरगी हितं. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं. माझ्यासारख्या बाईनं जीभ दाताखाली धरून दिवस काढले, ते त्या पोरीसाठी.

आता त्या पोथीचं सांगते. ती पोथी नव्हती, कादंबरी होती. सॅनिटोरियममध्ये सांगोल्याच्या गुलाबनं आणलेली. पुठ्ठा आणि पहिली पानं गेलेली, त्यामुळं नाव कुणालाच माहीत नाही. आम्ही तिला रेवती म्हणायचो, कारण गोष्ट रेवतीची. सासर सोडून आगगाडीत बसते, परक्या गावात शाळेत नोकरी धरते, आणि मग नवरा न्यायला येतो. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली, तीही पडतझडत. एकेक ओळ बोटानं धरून वाचली. वाचायला मी शिकले ते शाळेत नव्हे, त्या व्हरांड्यातल्या खाटेवर. रेवतीनं परत जावं की नाही यावरून आम्ही बायका इतक्या भांडायचो की सिस्टर ओरडायची, "अगं, फुफ्फुसांना विश्रांती द्या, आणि गप्प पडा!"

बरी होऊन एकेक घरी निघाली, तेव्हा गुलाबनं ठरवलं की रेवती टपालानं फिरवायची. वाचून झाली की पुढचीला. बुक पोस्टात चिठ्ठी घालता येत नाही, आणि वेगळं पत्र टाकायची कुणाच्याच घरी सोय नव्हती. प्रत्येकीच्या घरी काही ना काही लपवलेलंच. म्हणून पुस्तक हीच खुशाली. ते आलं, म्हणजे तुझ्या आधीची जिवंत आहे. ते पुढं गेलं, म्हणजे तू.

मी रोज दुपारी वाचायची. दाराच्या पलीकडं आत्याबाई तांदूळ निवडत बसायच्या. म्हणायच्या, "मोठ्यानं वाच. देवीचं कानावर पडूंदे." म्हणून मी रेवतीच्या जागी देवी घालून वाचायची. देवी रुसली, देवीनं ट्रंक भरली, देवीनं तिकीट काढलं.

"तिकीट?" दारापलीकडून.

"यात्रेला निघाली देवी."

"हं. वाच पुढं."

पुस्तक संपलं. आता पुढं अकलूजच्या अनसूयेला पाठवायचं. पण पाठवायच्या आधी एक नेम होता, सिस्टरनं आमच्या अंगी बाणवलेला. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाणारी वस्तू आधी उन्हात. पुस्तक असेल तर उताणं उघडायचं, थोडीथोडी पानं उलटत जायचं, दोन्ही कडांना धुतलेले दगड ठेवायचे, म्हणजे प्रत्येक पानाला ऊन लागतं. मी बरी होते, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगितलं असतं. पण अनसूयेच्या घरी जावेची पोरं भरलेली. माझा माझ्यावरचा भरवसा त्यांच्या जिवावर लावून बघायची मला छाती नव्हती.

शालनला बघायला कऱ्हाडचे दगडे येणार होते, ते गुरुवारी. म्हणून मी मंगळवारी रेवतीला परसातल्या कट्ट्यावर ठेवलं. बुधवारी उचलायचं, गुरुवारी परस मोकळं.

ते मंगळवारीच आले.

मुलाची आई अंबूबाई आणि तिचा भाऊ. विट्याला कुणाच्या तरी बारशाला आले होते, तसेच पुढं आमच्याकडं उतरले. आत्याबाईंची जी धांदल उडाली! शालनला लुगडं नेसवायचं, ह्यांना दुकानातून बोलवायचं, पोहे भिजवायचे. माझ्याकडं खिडकीतून एक नजर टाकली, तिचा अर्थ, दार लाव आणि मेल्यागत पड.

मी दार लावलं. पुस्तक बाहेरच राहिलं. आणायला निघणार, तोवर अंबूबाई पाय धुवायला परसात आली.

फटीतून मला दिसत होतं. ठेंगणी, गोरी, हिरव्या इरकली लुगड्यातली बाई. पायावर पाणी घेतलं, पदराला हात पुसला, आणि कट्ट्याकडं बघून थांबली. जवळ गेली. दगड उचलून बघितला. पानं किती उलटलीत ते बघितलं. मग वर बघून सरळ माझ्या दाराला म्हणाली,

"कोण आहे आत? बाहेर या."

गेले. न जाऊन काय करणार?

"व्रत धरलेली सून ती तुम्हीच?"

"हो."

"कुठल्या सॅनिटोरियमला होता?"

मी तोंडाला आलं ते म्हटलं, "पोथी आहे ती, मावशी. कसर लागू नये म्हणून ठेवलीय."

"कसर लागू नये म्हणून पुस्तक झटकून सावलीत ठेवतात. आणि दगड धुऊन कुणी ठेवत नाही." तिनं दगड जागेवर ठेवला, होता तसाच, कडेला. "पानं अशी उलटायला तिथंच शिकवतात."

पायरीवर निमी बसली होती, अंगठा तोंडात. मी तिच्याकडं पाहिलं. एका दगडानं माझी मुलगी गेली, असं मला वाटलं.

मग माझ्या डोक्यात दुसरंच लखलखलं. "मावशी, तुम्हाला कसं ठाऊक?"

ती पुस्तकापासून मागं सरली.

"कुणाचं बघितलंत असं?"

तिनं मागं स्वयंपाकघराकडं नजर टाकली. आवाज खाली आणला. "मुरलीधरचं. माझ्या मुलाचं. घरी येऊन वर्ष होऊन गेलं, पण अजून वर्तमानपत्रसुद्धा उन्हात ठेवून मग पुतण्यांना देतो."

मुरलीधर म्हणजे नवरामुलगा. ज्याला आमची शालन द्यायची तो.

"हे तुम्ही सांगणार नव्हता," मी म्हटलं.

"तुम्ही तरी कुठं सांगणार होता? बरा झालाय तो. दाखला आहे आमच्याकडं."

"दाखला माझ्याकडंही आहे. या, दाखवते दाखल्यानं मला काय दिलं ते." मी मोडीच्या खोलीचं दार सताड उघडलं. अंथरूण, माझी एकटी जेवायची पितळी, आणि छतापर्यंत फुटकी भांडी. तिनं आत पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. वासानं नव्हे.

"अगंबाई," एवढंच म्हणाली.

"रडू नका. रडायला माझ्याकडं वेळ नाही. शालनला आधी सांगायचं, तिच्या तोंडावर, होकाराच्या आधी."

"सूनबाई, तुम्हाला कळतंय का काय म्हणताय ते? मी तुमचं कुणाला बोलणार नाही. तुम्ही माझं बोलू नका. लग्न होईल, तुमचीही सुटका होईल."

आत्याबाईंची अट मी तिला सांगितली नव्हती. पण बाया घर बघूनच पुढचं ओळखतात. सुटका या शब्दाला मी भुलले नाही असं म्हणणार नाही. निमी हाताच्या अंतरावर होती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची मला इतक्या दिवसांत सवय झालीच होती.

पण मला लपवून ठेवल्यावर मी काय झाले होते, ते माझ्या पाठीमागं दार उघडं टाकून उभं होतं. त्या मुलाचंही असंच होणार. आज ना उद्या शालनला कळणार, मग तीही त्याची पितळी वेगळी करणार. आणि फसवलं म्हणून करणार, ते तर अधिकच वाईट.

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते," म्हटलं.

"तोंड फार चालतं तुमचं."

"फुफ्फुसं बरी झालीत ना, म्हणून."

अंबूबाई माझ्याकडं बघत राहिली. मग पाय न पुसताच आत गेली. मी तिच्या मागोमाग निघाले. निमीच्या शेजारून पायरी चढले, तशी पोर अंग चोरून भिंतीला चिकटली. स्वयंपाकघरातून माजघराच्या दारापर्यंत गेले. आत्याबाई पोह्यांची बशी घेऊन उभ्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

अंबूबाई खाली बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "बसायच्या आधी एक सांगते. आमचा मुरलीधर क्षयानं आजारी होता. सॅनिटोरियमला ठेवला होता. आता बरा आहे. पटत असेल तर मुलगी दाखवा, नसेल तर आम्ही निघतो."

तिचा भाऊ खालीच बघत बसला. आमचे हे खांबाला टेकले.

"क्षय?" आत्याबाईंनी बशी मागं घेतली. "आणि तोंड वर करून मुलगी मागायला आला? आमची पोर काय उकिरड्यावरची हाय? असल्या दुखण्याच्या घरात..."

त्यांचं वाक्य तिथंच अडलं, कारण अंबूबाईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश, आमच्या घराचं पितळ उघडं पडलं असतं. ती बोलली नाही. बाईनं शब्द पाळला. आज इतक्या वर्षांनी तिचं नाव काढलं की माझा हात आपोआप जोडला जातो, आणि मी हात सहजी जोडणारी बाई नव्हे.

तेवढ्यात आतल्या दारातून शालन पुढं आली. निऱ्या अर्ध्या खोचलेल्या, एका कानात कुडी, दुसरा कान मोकळा. या मुलीनं आईपुढं कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती.

"ते कुणाच्या ताटात जेवतात?" तिनं विचारलं.

"शालन, आत जा!"

"थांब आई. मावशी, ते जेवतात कुठं? घरात, का बाहेर?"

"माझ्या शेजारी," अंबूबाई म्हणाली. "थोरल्याची पोरं त्याच्याच ताटात हात घालतात. दोनदा सगळ्यांच्या छातीचे फोटो काढले आम्ही. एकालाही काही नाही."

शालननं मान हलवली. कुडी लोंबत होती ती नीट बसवली, जशी काही तेवढंच काम घेऊन बाहेर आली होती. मग आईकडं वळली. "मला चालेल. पण मी तिकडं जाऊन त्यांना शेजारी वाढायचं, आणि इथं वहिनीला मोडीत ठेवायचं? मला नाही जमायचं ते, आई. वहिनी घरात येणार असेल तर मी लग्न करते. नसेल तर मीही त्या खोलीत जाऊन बसते. गल्लीला सांग, लेकीनंही व्रत धरलंय."

एका दमात तिनं सगळंच उघडं केलं होतं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. अंबूबाईचा भाऊ पहिल्यांदाच वर बघून म्हणाला, "पोह्यांना वास छान सुटलाय," आणि परत खाली बघू लागला.

आत्याबाई मला काय बोलतात याची मी वाट बघत होते. ठरल्याप्रमाणं मला माहेरची गाडी धरायची होती. त्यांनी बशी अंबूबाईच्या भावापुढं ठेवली. सगळ्यांना पोहे दिले, पाणी दिलं, सुपारी दिली. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पाहुणे निघाले तेव्हा अंबूबाईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि एवढंच म्हणाल्या, "मुलाला घेऊन या. मला बघायचाय. जेवायलाच या."

मी आपली खोलीत येऊन ट्रंक ओढली. पुडक्याला कागद कापत बसले. जायचंच तर अनसूयेचं पुस्तक तरी जाता जाता टपालाच्या पेटीत पडावं. आत्याबाई परसात आल्या. कट्ट्यापाशी उभ्या राहिल्या. उन्हं उतरत आली होती.

"पोथी म्हणं," त्या म्हणाल्या. "रेवती हाय न्हवं तिचं नाव? दोनदा तुझ्या तोंडून तसंच निघालं."

मी कागदाची घडी घातली.

"देवी आगगाडीच्या थर्ड क्लासात बसली, तवाच मला कळलं."

"मग बोलला का नाहीत, आत्याबाई?"

"पुढं काय होतंय ते ऐकायचं होतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तू शेवट वाचलास तवा मी शेतावर मळणीला गेलते. गेली का ती परत नवऱ्याबरूबर?"

"तिनं त्याला चहा दिला आणि विचारलं, आपण आता कुठं राहायचं? तिथंच संपतं."

"म्हंजे गेली का न्हाई?"

"त्यावरूनच आम्ही भांडत असतो."

"पुस्तक पाठवायचं जरा थांबव. मला तेवढं परत ऐकायचंय. सोप्यात बसून वाच. दाराआडून ऐकून माझी मान धरलीय." आणि मग माझ्याकडं न बघता, "ती ट्रंक आत आण. मधल्या खोलीत जागा हाय."

पुस्तक मी थांबवलं नाही, दोन दिवसांत पाठवलं. तिकडं अनसूया, मी जिवंत आहे का म्हणून दिवस मोजत असणार. शेवट मात्र आत्याबाईंना त्याच दिवशी वाचून दाखवला. पण ते नंतर.

आधी आत्याबाई पायरीपाशी गेल्या आणि निमीला म्हणाल्या, "जा गं, तिच्याकडं जा."

निमी पायरी उतरली. उतरताना आजीकडं दोनदा वळून पाहिलं. माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबली. मी हात पुढं केले. पोरीनं तोंडातला अंगठा काढला, फ्रॉकला पुसला, गुडघे टेकले, आणि जमिनीला कपाळ लावून मला नमस्कार केला.

माझे हात तसेच राहिले.

आत्याबाईच मागून म्हणाल्या, "अगं ए, देवी न्हवं ती. आई हाय तुझी."

निमीनं जमिनीवरूनच मान वळवली.

"मग शिवू?"

"शीव," आत्याबाई म्हणाल्या. "शीव की."